केवलरामच्या पुस्तकावरचं पोर

मनकर्णाला चौथं मूल झालं तेव्हा ती सेक्टर सहामधल्या आपल्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. पोट दुखलं नाही, सुईण आली नाही, तांदळातला एक खडाही हातचा सुटला नाही. मूल झालं ते तिच्या धाकट्या जावेला, नलूला, तिकडं मजुरांच्या कॅम्प एकमधल्या पत्र्याच्या खोलीत. पाचव्या दिवशी मात्र ते मनकर्णाचं झालं, कारण कारखान्याचं मेडिकल बुक मनकर्णाच्या नवऱ्याच्या नावावर होतं.

गोंदियाकडून दोघे भाऊ एकाच गाडीनं भिलाईला आले होते. थोरला केवलराम कारखान्यात उंचावर लोखंड चढवणारा रिगर म्हणून लागला आणि अठ्ठावन्न साली पक्का झाला. धाकटा बाबुलाल ठेकेदाराकडं काँक्रीटच्या ढलाईवर राहिला. कारखाना दोघांचाही घाम पीत होता, पण पुस्तक एकाच्याच घामाला मिळालं. त्यात कारखान्याच्या दवाखान्यात इलाज मिळणारी पाच नावं होती: केवलराम, मनकर्णा आणि तीन पोरी. पुस्तक फडक्यात गुंडाळून देवांच्या शेजारी ठेवलेलं असे, आणि केवलराम हात जोडायचा तेव्हा नजर नक्की कुठं असते याबद्दल मनकर्णाला शंका होती.

नलूचं पोर तीन दिवस चांगलं होतं. चौथ्या दिवशी दूध ओढेना. पाचव्या दिवशी अंग गार, पोट ताठ, आणि रडणं असं बारीक की मांजराच्या पिल्लानंही लाजावं. सुपेल्याच्या गुलाबराव कंपाउंडरनं पोराकडं पाहिलं आणि आपली पेटी उघडलीच नाही.

"रक्तात जंतू गेले असतीन. याले सहा-सहा घंट्यानं सुई लागते, आठ-दहा दिवस," तो म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही. तुमच्या घरात एक पुस्तक आहे ना?"

पुस्तक होतं, पण त्यात नलूचं नाव नव्हतं. नाव नसलेल्या बाईचं पोर भरती होत नव्हतं, आणि नवजात पोर भरती व्हायचं ते आईच्या नावावर. आता हिशेब लहान मुलालाही जमेल इतका सोपा होता, पण केवलरामला जमेना.

"सापडलो तर पुस्तक जाईन," तो म्हणाला. "नोकरीबी जाईन."

केवलराम साठ फुटांवरच्या गर्डरवर चालत जायचा आणि वर बसून बिडी ओढायचा. क्लार्कच्या टेबलासमोर उभा राहिला की मात्र त्याला स्वतःचं नावही दोनदा सांगावं लागायचं.

"आन् पोरगं जाईन ते?" मनकर्णानं विचारलं.

त्यानं फडकं सोडून पुस्तक तिच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन सायकलचं चाक उगाच फिरवून पाहिलं.

एप्रिलच्या उन्हात मनकर्णानं डोक्याला बाळंतिणीचं फडकं बांधलं, कानात कापूस कोंबला, आणि चौतिसाव्या वर्षी, आठ वर्षांच्या खंडानंतर, पुन्हा एकदा बाळंतीण होऊन दवाखान्याची पायरी चढली.

डॉक्टर अरुणकुमार पाटण्याकडचे, वयानं तिशीच्या आतले, डोळ्यांखाली मात्र पन्नाशीचे. त्यांनी पोराला उघडं केलं, बेंबीवर सुईणीनं लावलेली राख पाहिली आणि ओठ आवळले.

"दर्द कब शुरू हुआ? पानी कब गया? बुखार था?"

मनकर्णा अडखळली नाही. सांजेला दुखू लागलं, दिवा लागायच्या वेळी पाणी गेलं, जेवणं व्हायच्या आत मोकळी झाले, ताप नाही, काही नाही. यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त तो आठ वर्षं जुना होता आणि तिच्या तिसऱ्या पोरीचा होता. नलूच्या बाळंतपणाला ती नव्हतीच. तिला निरोप आला तो पोर झाल्यावर, रविवारी दुपारी.

"तो यहीं से घुसा है," डॉक्टर बेंबीकडं बोट दाखवून म्हणाले, आणि पेनिसिलिन सुरू झालं.

पांढऱ्या भुकटीची छोटी बाटली, उकळलेलं पाणी, उकळलेली काचेची सिरिंज, दर सहा तासांनी. पोराची मांडी मनकर्णाच्या दोन बोटांएवढी. साधना सिस्टर, जबलपूरची, तोंडानं फटकळ पण हातानं हलकी, सुई टोचायची तेव्हा मनकर्णा दुसरीकडं पाहायची आणि मनात मोजायची. मोजणं हा तिचा स्वभावच होता. कोणाच्या बारशाला कोण रिकाम्या हातानं आलं, कोणाची सासू किती दिवस राहिली, कोण कोणाशी किती दिवस बोललं नाही, हे सगळं तिला तोंडपाठ असे. कॅम्पातल्या बायका तिच्यासमोर जपून बोलत. आता ती सुया मोजू लागली. विषम उजवीकडं, सम डावीकडं.

"सिस्टरबाई, ये नववी है. उजवी मांडी."

"तू मेरी मेट्रन है क्या?" साधना म्हणायची, पण सुई उजवीकडं न्यायची.

शेजारच्या खाटेवर कारखान्याच्या रेल्वेतल्या देवीदासची बायको शालू होती, नागपूरकडची. तिचं पोर काविळीचं, पण बरं होत आलेलं, त्यामुळं तिला दुसऱ्यांकडं पाहायला वेळ होता.

"तीन पोरीवर पोरगा झाला, बाई. आता तोंड पाडून काहून बसली?"

मनकर्णा हसली. दिवसातून चार जणींनी तिचं अभिनंदन केलं, आणि दर वेळी तिला चोरीचा माल अंगावर घातल्यासारखं वाटलं.

दुधाची गोष्ट त्याहून अवघड होती. पोराला चोखता येत नव्हतं. नळीनं दूध द्यायचं, तेही आईचंच, असं साधनानं बजावलं होतं. म्हणून नलू येई. ओली बाळंतीण, पाच-सहा दिवसांची, कॅम्पातून चालत, हातात पितळी डबा घेऊन, दिवसातून चार वेळा. दारावर सांगायची, जावेचा डबा आणला. मग मनकर्णा उकळलेली वाटी पदराखाली घेऊन न्हाणीघरात जायची, मागून नलू जायची, आणि परत येताना वाटी भरलेली असायची.

"तुझी जाऊ लई जीव टाकते तुझ्यावर," शालू म्हणाली. "माझी तर एक डबा आनते आन् दहा वेळा बोलून दाखवते."

"आमच्या घरी अशीच रीत आहे," मनकर्णा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, नऊ सुया झाल्या तरी, पोर तसंच होतं. पोट तसंच ताठ, रंग मातकट. पाय चिमटला तर तोंड उघडायचं, पण आवाज यायचा नाही. डॉक्टर अरुणकुमार बराच वेळ त्याच्याशेजारी उभे राहिले, मग मनकर्णासमोर स्टुलावर बसले. डॉक्टर बसून बोलला की ते चांगलं नसतं, एवढं तिला कळत होतं.

त्यांनी सांगितलं ते असं. जंतू दोन वाटांनी येतात. बेंबीतून आले असतील तर या औषधानं आतापर्यंत उतार पडायला हवा होता. आईच्या पोटातूनच आले असतील, म्हणजे पाणी लवकर जाऊन पोर उशिरा झालं असेल, तर ते जंतू वेगळे. त्यांना दुसरी सुई लागते, याच्या जोडीला. ते औषध कडक आहे. मूत्रपिंडाला लागतं, कानाला लागतं. पोर जगलं आणि बहिरं झालं, असंही होऊ शकतं.

"बिना वजह नहीं दूँगा," ते म्हणाले. "और वजह तुम ही बता सकती हो. ठीक से याद करो, बाई. शाम को आता हूँ."

आता एकीच्या बाळंतपणातलं दुसरीनं आठवायचं कसं? पण मनकर्णाची वही डोक्यात होती, आणि तिला पानं उलटायची सवय होती. तिनं रविवार काढला. ती कॅम्पात पोचली तेव्हा नलूच्या दारातल्या दोरीवर चार लुगडी होती. दोन ओली आणि दोन कडक वाळलेली. पोर तर त्याच सकाळी झालेलं. मग वाळलेली दोन कधीची? एक बाई आदल्या दिवशी दोन लुगडी का धुते? हे तिनं तेव्हाच पाहिलं होतं, आणि नंतर विचारू म्हणून बाजूला ठेवलं होतं.

चार वाजता नलू डबा घेऊन आली. न्हाणीघरात ती भिंतीला टेकून वाटीत दूध काढू लागली. मनकर्णानं दाराला पाठ लावली.

"नले, पाणी कधी गेलं होतं?"

"कोनतं पाणी?"

"मी नळाचं विचारून राहिली का?"

नलूचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"शुक्रवारी. दुपारी."

"आन् पोरगं रविवारी सकाळी. मंधातले दोन दिवस काय करून राहिली होती?"

"काही नाही. गळत होतं. लुगडं बदलत होती."

"ताप?"

"शनिवारी हुडहुडी भरली होती."

"बाबुलालले सांगतलं?"

"ते ढलाईवर होते. सुरू झाली का सोडता येत नाही ना मंधात. दोन दिवस घरी आलेच नाही."

"मंग मले काहून नाही बोलावलं? इथून तिथं तर आहे मी."

नलूनं वाटी खाली ठेवली, पदर सावरला. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती; कोणीतरी विचारलं म्हणून पत्ता सांगावा तसं ती बोलली.

"बोलावलं होतं ना बाई, त्याच्या आंधीच्या बुधवारी. तुमी म्हणलं, आता पोरगं हातात आल्यावरच निरोप धाड. मंग मी तसंच केलं."

मनकर्णाला तो बुधवार आठवला. आठवायची गरजच नव्हती. तो ती विसरलीच नव्हती. दुपारच्या उन्हात, हातातलं काम टाकून ती कॅम्पात धावली होती, आणि नलूच्या पोटात निघाला होता वायू. तिथं तीन शेजारणी जमल्या होत्या. त्यांच्यासमोर तिनं ते वाक्य टाकलं होतं, आणि तिघीही पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. नलूही हसली होती. मनकर्णाला ते वाक्य इतकं आवडलं होतं की सेक्टर सहात येऊन तिनं ते आणखी दोन घरी सांगितलं.

तिनं वाटी उचलायला हात पुढं केला तेव्हा नलूचा हात तिच्या हाताला लागला. तापलेल्या तव्याजवळ हात न्यावा तसा.

"तुले अजूनबी ताप आहे."

"थोडासाक."

मनकर्णानं वाटी पदराखाली घेतली. टोमणा नाही, सल्ला नाही. नलूनं दोनदा तिच्याकडं पाहिलं. तिला याचीच भीती वाटली असावी.

संध्याकाळच्या राउंडपर्यंत मनकर्णा खाटेच्या कडेवर बसून राहिली. सगळं खरं सांगावं, तर पुस्तक जातं आणि पोर पुस्तकाबाहेर पडतं. काहीच न सांगावं, तर पोर जातं. मग तिच्या लक्षात आलं की डॉक्टरला नाव नको आहे, वार हवा आहे. आणि वार कोणाच्याही तोंडून तोच राहतो.

"डॉक्टरसाब, मैं झूठ बोली थी," ती म्हणाली. "पानी शुक्रवार दोपहर को गया. बच्चा इतवार को हुआ. बीच में ठंड लगके बुखार आया."

डॉक्टर अरुणकुमारांनी हातातला कागद खाली केला. ते ओरडले नाहीत. इतके दमले होते की ओरडायलाही त्यांना कोणाची तरी परवानगी लागली असती.

"तीन दिन. तीन दिन तुमने... छुपाया क्यों?"

याचं उत्तर मनकर्णानं ठरवून ठेवलं नव्हतं. ते आपोआप आलं.

"पहले एक बार बुलाया था, तो मेरी जेठानी ने सबके सामने मेरी हँसी उड़ाई. फिर बुलाने की सरम लगी."

"अक्कल नहीं है तुम्हारी जेठानी को."

"नहीं है, साहब."

साधना सिस्टर शेजारी उभी राहून वार लिहून घेत होती. तिनं वर पाहिलं, मनकर्णाच्या चेहऱ्याकडं, मग तिच्या कोरड्या ठणठणीत चोळीकडं, आणि पुन्हा खाली मान घालून लिहू लागली. केवलराम हा घरातला थोरला, त्यामुळं मनकर्णाला जेठानी, म्हणजे थोरली जाऊ, असूच शकत नाही, असं पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुठं लिहिलेलं नसतं.

त्याच संध्याकाळी दुसरं औषध सुरू झालं. आणि आता आईलाही तपासायला हवं, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: मनकर्णा, वय चौतीस, लेडी डॉक्टरकडं, ताबडतोब. त्या डॉक्टरीणबाई दोन खोल्या सोडून बसत. त्यांनी मनकर्णाला कधी पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात नलू रिकामा डबा घेऊन उभी होती. मनकर्णानं आपल्या डोक्याचं फडकं सोडलं, तिच्या डोक्याला बांधलं, कानातला कापूसही काढून दिला.

"घे. आता तू मनकर्णा. वय चौतीस."

"मी तर एकोणीसची आहे बाई."

"चार-चार वेळा उन्हात चालून राहिली. दिसत असशीन चौतीसची."

नलू हसली. बऱ्याच दिवसांनी. मग चिठ्ठी घेऊन आत गेली, आणि तिलाही सुया सुरू झाल्या, मनकर्णाच्या नावानं. त्या दिवसापासून एक मनकर्णा खाटेवर बसून पोर राखी आणि दुसरी मनकर्णा दोन खोल्या पलीकडं कमरेत सुई घेई, आणि दोघींमध्ये एकच फडकं असल्यामुळं सगळं वेळ पाहून करावं लागे.

पुढचे दिवस कशानं भरले ते सांगण्यासारखं नाही. ऊन, फिनेलचा वास, कारखान्याच्या कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनकडून वारा आला की लुगड्यावर बसणारी काळी भुकटी. मनकर्णाच्या पायांना सूज आली. तिच्या पोरी घरी कच्चापक्का भात शिजवून खात होत्या. सहाव्या दिवशी पोरानं आवाज केला; सुंदर नाही, पण साधनाला मागं वळून पाहायला लावणारा. आठव्या दिवशी त्याचं पोट मऊ पडलं. नवव्या दिवशी न्हाणीघरात नलूनं त्याला अंगाला लावलं तर त्यानं दोनदा ओढलं, झोपलं, पुन्हा एकदा ओढलं. मनकर्णानं दाराला पाठ लावून तेही मोजलं.

दहाव्या दिवशी केवलराम पेढे घेऊन आला. चेहरा असा, जणू गर्डरवरून पडता पडता वाचला.

"फोरमननं हात मिळवला माझ्यासंग. म्हणे, तीन पोरीवर पोरगा, पेढे पायजेत. सगळ्या गँगले द्यावे लागले."

"तुमी खाल्ला?"

"खावा लागला."

"गोड लागला असंन."

केवलरामनं मान खाली घातली. लागला होता, म्हणजे.

तेरा दिवसांनी सुट्टी मिळाली. पेनिसिलिनच्या बावन्न सुया, दुसऱ्या औषधाच्या वीस. दोन्ही मांड्यांवर गाठी. बाहेर पडताना क्लार्कनं पुस्तक मागितलं. पोराची नोंद झाल्याशिवाय कागद पुढं सरकत नव्हते, आणि नोंद करू नका म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. नाव नलूनं आधीच मनात ठरवलं होतं, तेवढं मनकर्णानं सांगितलं. क्लार्कनं सहावी ओळ भरली: हिरालाल वल्द केवलराम, म्हणजे केवलरामचा पोरगा.

बाबुलाल ढलाईवरून तसाच आला होता, कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं. त्यानं पुस्तक घेतलं आणि अक्षरं जुळवत ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"दादा, हे खोडता येते का मंग?"

"खोडलं तर विचारतीन," केवलराम म्हणाला.

बाबुलालनं पुस्तक परत दिलं. त्याच्या बोटांचे करडे ठसे त्या पानावर राहिले. दवाखान्याच्या फाटकाबाहेर येईपर्यंत पोर मनकर्णाच्या छातीशी होतं. फाटकाबाहेर आल्यावर तिनं ते नलूच्या हातात दिलं, आणि चौघं कॅम्पाच्या दिशेनं चालू लागले.

एक महिन्यानं कान तपासायला बोलावलं होतं. आत फक्त आईनं यायचं होतं, म्हणून मनकर्णा आत गेली आणि नलू व्हरांड्यात भिंतीला टेकून राहिली. डॉक्टर अरुणकुमारांनी पोराला टेबलावर ठेवलं, मागं जाऊन उभे राहिले आणि स्टीलच्या ट्रेवर चमचा मारला. पोर छताकडं पाहत होतं, तसंच पाहत राहिलं. त्यांनी ट्रे थोडा जवळ आणला आणि पुन्हा मारला. मनकर्णानं पोराच्या पापण्यांवरून नजर काढली नाही.

"सुन रहा है," ते म्हणाले. "कितना, वो अभी नहीं कह सकते. तीन महीने बाद फिर लाना."

मनकर्णा बाहेर आली. नलूनं पोर घेतलं नाही, आधी विचारलं.

"ऐकलं का त्यानं?"

"ऐकलं."

"तुमाले कसं समजलं?"

"पापणी हालली."

"कशी?"

मनकर्णाचे पाय दुखत होते. फडक्याखाली घामानं डोकं खाजत होतं. पहिल्या वेळी, ट्रे लांब असताना, पापणी हलली नव्हती, हे तिनं सांगितलं नाही. ती नलूच्या शेजारी भिंतीला टेकली, डोळे पटकन मिटले आणि उघडले.

"अशी."

"दोनी?"

"दोनी."

नलूनं पोराच्या तोंडाकडं पाहिलं, मग जावेच्या.

"अजून एकदा दाखवा ना, बाई."

मनकर्णानं पुन्हा दाखवलं.